आजीने सोडलेले मासे

आमच्या आजीने मासे सोडले होते. घर मालवणजवळच्या खाडीकाठचं, काका होडीवर, आणि आजी स्वतः डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी. अशा बाईने मासे सोडावेत! "तुज्यासाठी नवस केलेलो तिना," असं घरात सगळे मला सांगत. खरं सांगते, मला त्या नवसाचा रागच यायचा. म्हातारीच्या ताटातला बांगडा काढून घेणारा तो कसला देव? सगळे हात जोडत म्हणून मीही जोडायची, पण मनात श्रद्धा अशी नव्हती.

त्यातून आमच्यासाठी बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, तीच रांधायची, अर्थात न चाखता. मीठ कधी ढीगभर, कधी मुळीच नाही. "मिठाचा नाव कोणी काडूचा नाय हां," असा दम थोरल्या काकांनी आम्हा पोरांना दिला होता. आम्ही गुमान जेवायचो.

त्या नवसामागची हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी तेव्हा चौथीत होते, गोव्यात अजून पोर्तुगीज होते. आषाढात मला घटसर्प झाला. घसा मिटत चालला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टर होते खाडीपलीकडे मालवणात, आणि खाडीला पूर आलेला. आदल्याच वर्षी अशा पुरात होडी उलटून गावातले दोघे गेले होते. तेव्हापासून गावाने ठरवलं होतं, पुरात होडी घालायची तर आधी ग्रामदैवत रवळनाथाचा कौल घ्यायचा. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. वडील मुंबईला गिरणीत होते. काका होडीपाशी थांबले आणि आजी भिजत देवळात गेली. तासाभराने परत आली ती ओरडतच, "उजवो दिल्यान! होडी काडा!" पाठोपाठ गुरवही अंगारा घेऊन धक्क्यावर आला. "व्हय, उजवोच आसा, जावा," म्हणाला. काका आणि शेजारच्या दोघांनी जिवावर उदार होऊन मला घेऊन होडी हाणली. डॉक्टर त्या दिवशी गावाला निघाले होते, पण वाटेत झाड पडल्यामुळे एस.टी. सुटलीच नव्हती. ते दवाखान्यातच बसलेले सापडले. आणखी थोडा उशीर झाला असता तर ही पोर हाती लागली नसती, असं ते काकांना म्हणाले.

नऊ वर्षांनी मला कुडाळच्या बाजूला शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. घरातून एकटी बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी. काका म्हणाले, कौल घेऊया. मीही घाबरले होते, म्हणून आजीला म्हटलं, "चल माझ्याबरोबर देवळात, तुझ्या शब्दाला देव उजवा देतो." आजीचा चेहरा पांढराफटक पडला. मग आठवलं, त्या पुरानंतर ती कधीच देवळात जात नसे. पायरीला हात लावून बाहेरूनच परतायची, आणि आम्हाला तो तिचा विनय वाटायचा.

"माका थंय तोंड नाय गो बाय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "पाकळी पडाकच नाय. किती येळ हात जोडून रवलंय! हयसर तुजो जीव जाता, आणि देव काय बोलना नाय. मी उठलंय आणि घराक येवन खोटा सांगलंय. गुरवान माका सांबाळून घेतल्यान. तीन माणसांचो जीव मी खोट्यार पाण्यात घातलंय. माशे सोडले तो नवस न्हय, दंड आसा."

ज्या देवावर मी चिडत होते त्याने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. माझ्यासाठी ती देवाचीही चोर झाली होती, आणि नऊ वर्षं ते एकटीने पोटात ठेवून माझ्या ताटात बांगडा वाढत होती. मला माझीच लाज वाटली.

उन्हं उतरायच्या आत मी देवळात गेले. गुरव आता खूप थकले होते. मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही आजीला सांभाळून घेतलंत, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले उपकार गो?" ते गोंधळून म्हणाले. "तुजी आजी उठली, पायरी उतरली, आणि माज्या डोळ्यांदेखत उजवी पाकळी पडली. माका वाटला तिना बघल्यान, म्हणानच धावली. मी खोटा कित्याक सांगान?"

मी घरी धावतच गेले. आजी चुलीपाशी होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली. मग देवळाच्या दिशेने हात जोडून एवढंच म्हणाली, "माजी पाठ फिरल्यार दिलंस रे म्हाराजा! माकाच थांबाक जमूक नाय."

पाकळी वाऱ्याने पडली असेल, हे मलाही कळतं. मी वाद घालत नाही. मी कौल न लावताच कुडाळला गेले. आपल्या हातून होईल ते करावं आणि पुढचं त्याच्यावर सोडावं, एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे सगळा जन्म तेवढं पुरलं. आजीसारखी आजी दिलीस, यासाठी मात्र मी रोज हात जोडते, आणि आता मनापासून जोडते.

गुरवांचं बोलणं घरात कळलं त्याच रात्री काकांनी स्वतःच्या हाताने आजीच्या पानात बांगडा वाढला. सगळं घर जेवायचं थांबून तिच्याकडे बघत होतं. तिने भाताबरोबर एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. मग आम्हा सगळ्यांकडे डोळे वटारून बघितलं.

"गे बाये माज्या! ह्या तिखल्यात मीठ खंय आसा? नऊ वरसां ह्या असलाच गिळतास? आणि मेल्यांनो, एकानपण माका सांगूक नाय?"