टीव्हीतले सर आणि स्टुलावरचे सर

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. डब्याच्या पिशवीला लागलेल्या लोणच्याच्या तेलासारखे ते चिकटतात, कितीही धुवा. माझे बहुतेक सगळे नव्वदच्या दशकातले, बंगलोरला के. आर. पुरमजवळच्या आमच्या सरकारी कारखान्यातले. मी पुण्याहून नवाच आलेला, ट्रेनिंग सेक्शनमध्ये. माझ्या वर राव सर, पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात मुरलेले मराठी.

*

राव सर नेमकं शिकवतात काय, हेच मला बरेच दिवस कळेना. कामगाराने काहीही विचारलं, की यांचा उलटा प्रश्न, "तू काय करशील?"

एकदा मी वैतागलो. "सर, सरळ उत्तर देऊन टाका ना."

"दिलं असतं रे. पण मग तो उद्या पुन्हा माझ्याकडेच आला असता की."

*

पुढे दिल्लीच्या हेड ऑफिसने उपग्रहावरून ट्रेनिंग सुरू केलं. शिकवणारे सर तिकडे स्टुडिओत, आम्ही इकडे टीव्हीसमोर. आम्हाला ते दिसायचे, त्यांना आम्ही नाही. शंका असली तर फोन लावायचा, तो गावोगावच्या सगळ्या वर्गांना ऐकू जायचा.

राव सरांकडे दोनच कामं उरली, फोन जोडणं आणि टीव्हीचा आवाज कमी-जास्त करणं. प्रयोग जमला तर त्यांची जागा रद्द आणि बदली स्टोअरला. मला फार वाईट वाटायचं. ते मात्र मागच्या स्टुलावर बसून मन लावून ऐकायचे.

*

पहिल्याच दिवशी टीव्हीतले सर "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि अख्खा वर्ग उभा राहिला. ते काही 'बसा' म्हणेनात. त्यांना दिसणार कसं?

शेवटी मागून आवाज आला, "बसा रे, त्यांच्या वतीने मी सांगतो."

*

मला भारी कुतूहल होतं, की समोर माणूसच दिसत नसेल तर टीव्हीतले सर विनोद कसा करतात. करायचे बिचारे, आणि हसण्यासाठी स्वल्प थांबायचेही. पण विनोद हिंदीत. राव सर तो कन्नडमध्ये समजावून सांगेपर्यंत पुढचा विषय निघालेला असायचा.

एकदा वर्ग खदाखदा हसला तेव्हा पडद्यावर अपघाताचे फोटो होते.

*

शेवटचा धडा एम्पॉवरमेंटचा. टीव्हीतले सर रंगात आले होते. "आजपासून तुमचे निर्णय तुम्हीच घ्या. वरच्यांच्या परवानगीची वाट बघू नका. कोणाला काही शंका?"

कॉइल गुंडाळणाऱ्या गिरिजा अक्का राव सरांकडे वळल्या. "सर, मी काय विचारू?"

"तुम्ही काय कराल, अक्का?"

अक्कांनी फोन हातात घेतला. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "सर, आमचा निर्णय झाला. आम्हाला शिकवायला राव सरच पाहिजेत."

टीव्हीतले सर हसले. "तो निर्णय तुम्हाला नाही घेता येणार. त्याला वरची परवानगी लागते."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "मग हा धडा पुन्हा पहिल्यापासून घ्या. आम्हाला कळला नाही."

गावोगावचे वर्ग ऐकत होते. टीव्हीतले सर पाण्याचा ग्लास शोधू लागले.

राव सर स्टुलावरून उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.