आडवी फांदी

नेरडीगोंड्याच्या डोंगरात लोकांना फिरवून आणणारे नागोराव बोलण्यात भारी कंजूष. तीन एकरांत वांगी-कोथिंबीर पिकवायची आणि रविवारी आदिलाबादहून आलेल्यांना जंगल दाखवायचं, असा त्यांचा सात वर्षांचा शिरस्ता. गाइड म्हणून वन खात्यात नाव लागलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, कपाळावर हात मारला होता. "घरात चार शब्द बोलत नाही, अन् लोकायले काय सांगसान?" डोंगर दाखवायला बोलावं कशाला लागतं, असं नागोरावांचं मत. मत कसलं, हट्टच तो.

डिसेंबरातल्या एका रविवारी आलेल्यांत चारुशीलाबाई होत्या. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर डोंगर काढले, चढल्या मात्र एकावरही नव्हत्या. निवृत्त होताच त्यांनी बूट घेतले आणि नवऱ्याला, शामरावांना, ओढून आणलं. चढणीवर त्या मागे पडल्या, पण खुशीत होत्या. दिसेल त्या झाडाशी थांबत होत्या.

"तुमी व्हा पुढं, मी येते हळूहळू," त्या म्हणाल्या.

पुढे वाट फुटते. उजवी माथ्यावर जाते, डावी ओढ्याकडे उतरून शेवाळलेल्या खडकावर संपते. नागोरावांनी सागाची एक फांदी मोडली, डाव्या वाटेवर आडवी टाकली आणि बाकीच्यांना घेऊन ते उजवीकडे वळले. लाकडं आणायला, मोहफुलं वेचायला रानात जाणाऱ्या गावात ही खूण शेंबड्या पोरालाही कळते. फांदी आडवी, म्हणजे इकडे येऊ नको. शाळेतल्या बाईंना ती कळणार कशी, हे काही नागोरावांच्या डोक्यात आलं नाही.

बाई आल्या. वाटेत फांदी पडलेली दिसली. मागून येणाऱ्या कुणाच्या पायात येईल म्हणून त्यांनी ती उचलून नीट बाजूला ठेवली आणि त्याच वाटेनं उतरल्या. खडकावर पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं.

पुढे वन खात्याच्या साहेबासमोर नागोरावांचं बयान झालं. "धोक्याची खूण केली होती?" "केली होती." खोटं नव्हतंच ते. कागदावर मात्र उतरलं की, सांगूनही बाईंनी ऐकलं नाही. वाचून दाखवल्यावर नागोरावांनी एकदा वर पाहिलं आणि सही ठोकली. सांगितलं कुठे होतं? तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी ते आदिलाबादला बाईंकडे ताजी भाजी घेऊन जात. बाई चार पायांच्या वॉकरला धरून खोलीतल्या खोलीत फिरायच्या. शामरावांनी बयानाचा कागद वाचला होता. ते म्हणायचे, "जन्मभर पोरांना 'लक्ष द्या' म्हणत आली, अन् स्वतः दिलं नाही!" बाई खाली मान घालायच्या. नागोरावांचं मन त्यांना खात होतं, पण उठायची वेळ होई आणि ते काही न सांगताच उठून येत. रागच यावा असा माणूस.

ऑगस्टात एकदा शामराव पुन्हा तेच बोलले. बाई हसून म्हणाल्या, "खरंच आहे. आता तर मला आठवतंसुद्धा. नागोराव म्हणले होते, बाई, डावीकडं जाऊ नका. माझंच ध्यान झाडांत होतं."

जे नागोराव कधी बोललेच नव्हते, ते बाईंना आठवत होतं.

"बाई, मी बोललोच नव्हतो," ते म्हणाले. मग सगळंच सांगितलं. फांदीचं, बयानाचं, सहीचं.

बाईंनी वॉकर घट्ट धरला.

"मला वाटे, डोकं चालेनासं झालं. सांगितलेलं ध्यानात राहत नाही. आठ महिने मी भिऊन राह्यले होते, नागोराव. घरात गॅस बंद केला का, ते चारदा पाहून येते. अन् तुमी समोर बसून ऐकून राह्यले होते? काऊन?"

नागोरावांनी खूप शोधलं.

"काम जाईन म्हनून," ते म्हणाले. याहून मोठं कारण त्यांच्याजवळ नव्हतं.