माईकवर वाचलेली यशोगाथा

मासवणच्या पुढे एका पाड्यावर मी दर शनिवारी दुपारी मुलींचा गट घ्यायचे. मी बोईसरची. वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात आले, मी इथेच वाढले, बीए झाले आणि लग्न जमेपर्यंत घरी बसून राहायचं नव्हतं म्हणून एका संस्थेत लागले. वयात येणाऱ्या मुलींना मोठ्या बहिणीसारखी एक ताई मिळावी, असा तो कार्यक्रम होता. पाळी, शाळा, लवकर होणारी लग्नं, कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं, असं सगळं बोलायचं. आम्हाला आठ दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यात एक नियम पाठ करून घेतला होता: गोलात बोललेलं गोलाबाहेर जाणार नाही. दर शनिवारी सुरुवातीला मी तो मुलींकडून म्हणून घ्यायचे.

दुसऱ्याच शनिवारी समाजमंदिराच्या दारात नववीतलं एक पोर येऊन उभं राहिलं. अंगात शाळेचा शर्ट-पॅन्ट, हजेरीपटावर मुलगा. माझ्याकडे न बघता म्हणालं, "ताई, मी पण आली तर चालंल?"

मी गडबडले. प्रशिक्षणातली एक अख्खी दुपार अशा मुलांवर होती. आमच्या अर्जावर मुलगा, मुलगी आणि इतर असे तीन रकाने होते. तो तिसरा भरायची वेळ माझ्यावर येईल असं मात्र मला वाटलं नव्हतं. मी शब्द शोधत होते तेवढ्यात एक मुलगी थोडी सरकली आणि तिने बाजूची जागा हाताने झाडली.

"येऊ दे ना ताई. ती आमच्यातलीच हाय."

म्हणून मीही तिला 'ती'च म्हणते. शाळेत, दुकानात, रस्त्यावर ती 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची. आमच्यात आली की 'मी आली, मी गेली'. मुलींना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. लहानपणापासून त्या तिच्याबरोबर नदीवर आणि लाकडांना जात होत्या. आठ दिवसांच्या प्रशिक्षणात मला जे शिकवलं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाळीचे तक्ते दाखवले त्या दिवशी मुली एकमेकींच्या खांद्यात तोंड लपवत होत्या. ती सरळ बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "ताई, मला हे कधीच येणार नाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

"दाढी येईल," ती म्हणाली, आणि गालावरून हात फिरवला. कुणी हसलं नाही.

हळूहळू ती मोकळी झाली. पीटीच्या तासाला सरांनी तिला सगळ्या वर्गासमोर 'जशी चालतेस तशी चालून दाखव' म्हणून मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या, हे तिने सांगितलं. आत्या शेतावर गेली की तिची साडी नेसून आरशात बघते, हेही सांगितलं. आई नव्हती. बापाचं थोडं पावसावरचं भात होतं, ते निघालं की तो दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा आणि पोर आत्याकडे शाळेसाठी राहायचं.

सप्टेंबरात ऑफिसमधून निरोप आला की प्रत्येक ताईने एक यशोगाथा लिहून द्यायची. आमचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या त्या मुलीवर लिही. नाव बदल फक्त."

मी लिहिली. मला कुणी धमकावलं नव्हतं. दोन संध्याकाळी बसून मी ती मन लावून लिहिली, आणि लिहिताना मला छान वाटत होतं हे मला लपवायचं नाही. आत्याची साडी लिहिली, आरसा लिहिला, मैदानाच्या दोन फेऱ्या लिहिल्या. शेवटी 'आज ती आत्मविश्वासाने मान वर करून चालते' असं एक वाक्य टाकलं, जे खरं नव्हतं. मॅडमनी वाचून माझी पाठ थोपटली.

दिवाळीच्या आधी बोईसरला एका हॉलमध्ये मेळावा झाला. पाड्यांवरून मुली आणि पालक टेम्पोने आणले होते. तिचा बाप धुतलेला पांढरा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर बसला होता. पाहुण्यांची भाषणं झाली आणि मॅडमनी माझ्या हातात माझाच कागद दिला. "तूच वाच. तुझ्या तोंडून चांगलं वाटेल."

मागे पालक बसलेत, हे मला दिसत होतं. तरी मी वाचायला लागले. तिसऱ्या-चौथ्या ओळीला पाड्यावरच्या मुलींच्या माना खाली गेल्या. साडीचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगांतली माणसं वळून एका खुर्चीकडे बघत होती. मी थांबले नाही. पुढच्या रांगांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

एक पाहुणे माईक घेऊन म्हणाले, "अशी धाडसी मुलगी आम्हाला बघायला आवडेल. आली आहे का?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आणि मी तिला हाताने बोलावलं.

ती आली. हातात गुच्छ दिला, फोटो काढला. पाहुण्यांनी विचारलं, "बाळ, काय शिकलीस इथे?"

ती म्हणाली, "मी काय शिकलो नाय. मी नुसता जेवायला आलो होतो."

हॉलमध्ये हशा पिकला. पाहुणे म्हणाले, "लाजतेय."

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मुली गोलात बसल्या, पण नियम म्हणायची वेळ आली तेव्हा एकीनेही तोंड उघडलं नाही. मीही आग्रह केला नाही. त्याच दिवशी मी तिच्या घरी गेले. बाप ओट्यावर कोयत्याला धार लावत होता. ती घरात असावी, पण बाहेर आली नाही. तो ओरडेल, हाकलून देईल अशी मी तयारी केली होती. त्याने मला बसायला पाट दिला.

मी म्हणाले, "तुम्हाला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं ना…"

"मला माहीत नव्हतं असं कसं, बाई? माझं पोर हाय ते. पाच वर्साचं होतं तवापासून माहीत हाय." तो थोडा वेळ धार लावत राहिला. "आमी बोललो नाय कधी. मी बोललो नाय, त्याची आत्या बोलली नाय. गाव पण बोलत नव्हतं. तुमी माईकवर सांगितलं."

"आता काय करायचं ठरवलंय?"

"भट्टीवर नेतो. तिथं कोणी वळखीचं नाय."

"आणि शाळा?"

त्याने कोयत्याची धार अंगठ्याने तपासली.

ऑफिसात मी एवढं मागितलं की संस्थेच्या वार्षिक अहवालातून तिचा तो मेळाव्यातला फोटो काढून टाका. मॅडम म्हणाल्या, छपाई झाली आहे, आणि त्यात वाईट काय आहे, किती सुंदर फोटो आहे. मार्चमध्ये कार्यक्रमाची मुदत संपली. गट बंद झाला. शेवटच्या शनिवारी तीनच मुली आल्या होत्या.

मी राजीनामा दिला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दिला नाही. उन्हाळ्यात पालघरच्या दुसऱ्या संस्थेत मुलाखतीला गेले. त्यांना लिखाणाचा नमुना हवा होता. माझ्याकडे चांगलं लिहिलेलं तेवढं एकच होतं. तेच दिलं, आणि ती नोकरी मला मिळाली.

दोन वर्षांनी बोईसरला भाजी घेताना ती दिसली. कारखान्याची पाळी सुटली होती. चार-पाच मुलांबरोबर हिंदीत काही बोलत येत होती. केस बारीक कापलेले, ओठावर कोवळी मिशी. मला बघून ती थांबली, बाकीचे पुढे गेले.

"बऱ्या हाय ना मॅडम?"

ताई म्हणाली नाही. मी शाळेचं विचारलं. सुटली, म्हणाली. बापाचं विचारलं. त्याची कंबर धरली आहे, आता भट्टीवर जात नाही, म्हणाली. मैत्रिणींचं विचारलं, तर दोघींची लग्नं झाल्याचं तिला माझ्याकडूनच कळलं.

मी पर्समधून पेन काढलं. "माझा नंबर ठेव. काही लागलं तर…"

"नको." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "फक्त कोणाला सांगू नका मी इथं हाय म्हणून."

"नाही सांगणार."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, उधारी मागणाऱ्याकडे दुकानदार बघतो तशी. पुढून मुलांनी हाक मारली. बेटेगावची रिक्षा भरत आली होती, त्यात पुढच्या बाजूला ती चढली. मी भाजीवाल्याकडून उरलेले सुटे घेतले आणि घरी गेले.