चौघांचा तंबू आणि पालीचं पाणी

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'तंबू' आहे. दिवाळीत मंगेश आणि रवी पुण्याहून गावी आले होते, तेव्हा दिलीपने तो काढला. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. दिलीपचं युसूफ वडगावला खताबियाण्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की तो परदेशातल्या कॅम्पिंगचे व्हिडिओ बघतो. तळ्याकाठी नंबर टाकलेल्या जागा, प्रत्येक जागेला एक टेबल, शेकोटीला लोखंडी कडं आणि वर गरम पाण्याची अंघोळ. "आपल्याकडं कावून न्हाई बे असं?" म्हणत त्याने बेतही आखून टाकला. डिसेंबरातला शनिवार पालीजवळ बिंदुसरेच्या पाण्याकाठी आणि रविवार मांजरा धरणाच्या काठी. मंगेशने चौघांचा तंबू ऑनलाइन मागवून माझ्या पत्त्यावर पाठवला, कारण बीडमध्ये उरलेला मी एकटाच. माझं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे पातेली माझ्याकडे लागली.

बाकीच्यांसाठी ही एक सहल होती. माझं तसं नव्हतं. जूनपासून बायको मुलीला घेऊन लातूरला आहे, मुलीच्या क्लाससाठी, भाड्याच्या खोलीत. आमच्याकडे निम्म्या घरांचं असंच चाललंय, त्यात नवल काही नाही. पण संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. बायकोचा फोन येतो, तोही मुलीचा अभ्यास चालू असतो म्हणून हळू आवाजात आणि थोडक्यात. त्यामुळे या शनिवारची मी जरा जास्तच वाट बघत होतो. तिघांपैकी एक जण आला असता तरी माझं भागलं असतं.

शुक्रवारी ग्रुपवर टाकलं, "उद्या चार वाजता, पाली." दोन अंगठे आले आणि एक नाचणारा माणूस. मी निघालो.

बीडहून पाली म्हणजे सोलापूर रस्त्याने मोटरसायकलवर अर्धा तास, तोही मागे तंबू बांधलेला असेल तर. जाणाऱ्यांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्यात कॅम्पिंगची जागा वगैरे प्रकार नाही. पाणी आहे, काठ आहे आणि काठावर कोणाचं तरी शेत आहे. धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका. पिण्याचं पाणी घरून न्या आणि ज्याचं शेत त्याला विचारा. मला हरभऱ्यात पाणी देणारे आसरामकाका भेटले. साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी आधी तंबूचं गाठोडं बघितलं आणि मग मला.

"जमिनीची मोजणी हाय का?"

"नाही काका, बीडहून राहायला आलोय. एक रात्र."

"कावून? बीडात घर न्हाई का?"

"आहे की."

"मंग?"

मी नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं. तरी काकांनी बांधापलीकडे बाभळीजवळची जागा दाखवली. "सोबतीला कोण हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिघं येतायत मागून. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

तंबू उभारणं हे एकट्याचं काम नाही, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका बाजूची काडी खोचावी तर दुसरी निसटून फटकन कानाजवळून जायची. शेवटी काकांनी हरभऱ्यातल्या पाण्याचं दारं तसंच उघडं सोडलं आणि एक टोक धरलं. सूर्य खाली गेला, पाणी तांबडं झालं, बगळे पलीकडच्या झाडांवर जाऊन बसले. फार सुंदर होतं. आणि ते बघून "बघ की रे" म्हणायला शेजारी कोणी नव्हतं, हे त्या सुंदरपणात नको इतकं टोचत होतं. मंगेशने फोन उचलला नाही. रवीचा मेसेज आला, "मीटिंगमध्ये आहे, बोलतो." दिलीपचा फोन लागेना.

अंधार पडता पडता काशीकाकू आल्या, आसरामकाकांच्या बायको. डोक्यावर पाटी. पाटीत पिठलं, ठेचा, कांदे आणि ज्वारीच्या भाकरींची थप्पी.

"चौघाचं केलंय," त्या म्हणाल्या. "गार व्हायच्या आत बोलवा तुमच्या लोकायला."

"येतेतच काकू. पोचतच असतील."

हे मात्र खोटं होतं. काकूंनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पाटी ठेवून गेल्या. मी चौघांच्या जेवणासमोर बसलो आणि एक भाकरी कशीबशी खाल्ली. थोड्या वेळाने काकाच आले, काखेत वाकळ घेऊन.

"सरका जरा."

"काका, मी झोपतो एकटा. भीती नाही वाटत मला."

"भीतीचं कोन म्हनलं? एकल्याला निजू देत न्हाईत आमच्यात. कोनी घरी एकलं असलं की आमी जातो सोबतीला. तसंच हे." मग त्यांनी तंबूची चेन दोनदा खालीवर करून बघितली. "रोज दार शिवायचं आन रोज उसवायचं. लई कुटाणा हाय तुमचा."

मित्र आले का, हे त्यांनी विचारलं नाही. पाच मिनिटांत घोरायला लागले. एरवी मला घोरण्याचा भयंकर राग येतो. पण जूनपासून पहिल्यांदा माझ्या शेजारी कोणीतरी श्वास घेत होतं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. गाढ झोपलो.

सकाळी काकूंनी उरलेल्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. मी आणलेलं नवं पातेलं त्यांच्याकडेच ठेवलं. काकांनी माझा नंबर घेतला, बीडात कधी काम पडतं म्हणून.

पुढचा रस्ता मांजरसुंब्याचा घाट, नेकनूर, केज असा. घाट चढल्यावर कपिलधारेचा फाटा लागतो. लहानपणी घरच्या सगळ्यांबरोबर दरवर्षी तिथल्या यात्रेला यायचो, या वेळी थांबलो नाही. केजला कट चहा घेतला आणि युसूफ वडगावला दिलीपच्या दुकानासमोर गाडी लावली.

"आबे, तू कसा काय इकडं?"

"तंबू घेऊन."

"मंजे तू गेलतास?" तो खरोखरच चकित झाला होता. "आमाला वाटलं कॅन्सल झालं."

"कोणी केलं कॅन्सल?"

दिलीपने विचार केला. "कोनीच न्हाई. पण झालंच असंल असं वाटलं बे."

काउंटरला गिऱ्हाइकं उभी होती. मी भाकरीचं फडकं पुढे केलं. त्याने ते सोडून उभ्याउभ्याच अर्धी भाकरी ठेच्याशी खाल्ली, दुसऱ्या हाताने कोणाला तरी औषधाची बाटली काढून दिली. "लई भारी! पुढच्या टायमाला पक्कं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट असती तर भांडलो असतो. तो मनापासून बोलत होता, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

संध्याकाळी मांजरा धरणावर गेलो. पाणी पालीपेक्षा कितीतरी मोठं, पलीकडचा काठ धुरकट. जागाही छान होती, सपाट. मी गाडीवरच बसून राहिलो. तंबूची दोरी सोडायला हात लावला आणि काढून घेतला. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. परत निघालो आणि नऊच्या आसपास बीडमध्ये घराचं कुलूप उघडलं.

पालीच्या दवात भिजलेला तंबू दोन दिवस गच्चीवर वाळत होता. ग्रुपवर दिलीपने माझ्या गाडीचा फोटो टाकला होता, "तंबू टूर सक्सेसफुल!" मंगेशने टाळ्या वाजवल्या. रवीने विचारलं, "मस्त! पुढची कधी?" मी बराच वेळ टाइप केलं आणि शेवटी एक अंगठा पाठवला. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, स्वेटर न्या आणि तंबू घ्यायच्या आधी माणसं पक्की करा.

गुरुवारी दुकान बंद करत होतो, तेवढ्यात अनोळखी नंबर आला.

"पाव्हणं, आसराम बोलतोय, पालीचा. आमची म्हातारी लेकीकडं गेली हाय. मी एकलाच हाय शेतात. सोबतीला येता का?"

शटर अर्ध्यावरच होतं. "येतो," म्हणालो. "तंबू आणू का?"

"तंबू कावून? घर हाय की. भाकरी तेवढ्या आना, मला येत न्हाईत."

मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि मला रोज डबा देणाऱ्या मावशींना फोन केला. म्हटलं, मावशी, आज दोघांचा डबा द्या.