राखेच्या रिंगणातले गुडघे

माझी नात पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा पाहायला मी एकटाच होतो. सून नळावर गेली होती, माझी बुढी गोठ्यात, पोरगा धानाच्या बांधीत. मी खाटेवर बसून सुपारी कातरत होतो. पोट्टी आधी कुशीवर झाली, तोंड लाल केलं, जोर लावला आणि पट्कन उलटली. मी हाका मारून सगळ्यांना जमवलं, तर सगळे येईपर्यंत ती तशीच झोपून गेली. बुढी म्हणाली, तुम्हीच उलटवली असेल. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर करून दाखवलं. मी फक्त बुढीकडे पाहिलं.

मी शिकलो तिसरीपर्यंत, पण पोट्टीचं लसीचं कार्ड माझ्याजवळ राहत असे. कोणत्या महिन्यात कोणती सुई, ते मी पोराच्या आधी सांगत असे. पहिल्या सुईनंतर तिच्या मांडीवर गाठ आली आणि अंग तापलं, तेव्हा मी नर्सबाईला भांडायला निघालो होतो. सुनेनं चपला लपवून ठेवल्या. सांजेपर्यंत ताप उतरला, मग चपला सापडल्या.

माझी स्वतःची लेकरं कधी बसली, कधी उभी झाली, मला विचाराल तर सांगता येणार नाही. आमच्या वेळी बापासमोर आपलं लेकरू उचलायची रीत नव्हती. बाप ओसरीवर बसला असला की माझं पोरगं रडून निळं झालं तरी मी बैलाचे दोर वळत बसायचो. म्हणून नात झाली तेव्हा मी ठरवलं, आता मला अडवणारा कोणी राहिला नाही.

सहाव्या महिन्यात तिचं उष्टवण झालं. आमच्याच बांधीतला तांदूळ, मऊ शिजवून, दुधात कालवून. पहिला घास तिनं थुंकला, दुसरा माझ्या सदऱ्यावर, तिसरा गिळला. पण त्याच पावसाळ्यात तिला सर्दी धरली. छातीत घरघर व्हायची. डॉक्टरनं वाफ द्यायला सांगितली, औषध दिलं, आठ दिवसांत बरी झाली. मोठं काही नव्हतं. पण ते आठ दिवस मी नीट जेवलो नाही. घरातली लादी ओली राहते, तिथूनच सर्दी शिरली, असं माझ्या डोक्यानं घेतलं. त्या दिवसापासून मी तिला खाली ठेवलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा गळ्यात बांधायचा, झोळी करायची, तिला त्यात बसवायचं. मी गोठ्यात गेलो की ती गोठ्यात, बोडीतलं पाणी पाहायला पाळीवर गेलो की ती पाळीवर. गावात लोक म्हणायचे, बुढ्याला गळ्यात नवीन ताईत मिळाला. मला त्याचा राग नव्हता.

आठव्या महिन्यात खाली दोन दात आले. त्या वेळी दोन दिवस पोट बिघडलं, तेही बरं झालं. नववा लागला. शेजारचं लेकरू तिच्याहून वीस दिवसांनी लहान, ते अंगणभर रांगू लागलं, कोंबडीच्या मागे लागू लागलं. आमची बसवली तर बसायची, हसायची, टाळ्या पिटायची, पण जागची हलायची नाही. उभी धरली तर पाय पोटाशी ओढून घ्यायची.

दहावा महिना लागला आणि मला धडकी भरली. माणसाला धडकी भरली की तो दुसऱ्यावर ढकलतो. एका दुपारी सून कपडे घडी करत होती. मी तिला म्हणालो, "आमच्या घरी आजवर पायानं कच्चं कोनी झालं नाई. तुमच्या इकडे कोनी होतं काय?"

ती लाखांदूरकडची, बोलायला तेज. चहात साखर कमी म्हटलं की सांगायची, मामाजी, साखर डब्यात हाय, डबा तुमच्या मागं हाय. त्या दिवशी मात्र ती फक्त "नाई, मामाजी" म्हणाली आणि घडी करत राहिली. त्यानंतर तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. मी चुकलो हे मला त्याच दुपारी कळलं होतं. पण मागे फिरायची मला सवय नव्हती.

मग आम्ही चौघं एसटीनं पोट्टीला साकोलीला लेकरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरनं पाय वाकवून पाहिले, तळव्यांना गुदगुल्या केल्या, टेबलावर पालथी ठेवून पाहिली. मग विचारलं, बाळ दिवसभरात जमिनीवर किती वेळ असतं?

पोरगा पंख्याकडे पाहू लागला. सुनेला बोलायची चांगली संधी होती, पण ती पोट्टीचं झबलं सारखं करत राहिली. शेवटी बुढी बोलली. "जमिनीवर? जमीन तं तिनं पाह्यलीच नाई, डाक्टरसाहेब. आमचा बुढा तिले गळ्यातच वागवते."

डॉक्टर हसले. पायात मला काही दोष दिसत नाही म्हणाले, खाली सोडा, महिन्याभरात हलली नाही तर परत आणा, मग तपासण्या करू. तपासण्या म्हटल्यावर सुनेचं तोंड उतरलं. बसमध्ये ती सबंध रस्ताभर खिडकीबाहेर पाहत होती. पोट्टी माझ्या मांडीवर होती.

घरी आल्यावर बुढीनं अंगणात गोधडी टाकली आणि पोट्टीला त्यावर बसवलं. पोट्टीनं चारी बाजूंनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ओठ काढला. मी उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी बुढीनं मला बोडीकडे पिटाळलं, मी अर्ध्या वाटेतून परत आलो. थंडीचे दिवस लागले होते, जमीन गार होती, मला ती घरघर ऐकू यायची. असे तीन आठवडे गेले. रोज सकाळी सून गोधडी टाकायची आणि मला काही न म्हणता कामाला लागायची. महिना संपायला आठ दिवस राहिले होते.

तोवर कापून रचलेले धानाचे पुंजणे चुरून झाले. मळणीची मशीन आली, धूळ उडाली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात धानाची रास लावली. आता रास हा माझा प्रांत. मशीन आली तरी राशीची रीत मी बदलू दिली नाही. चुलीची राख चाळून घ्यायची आणि मुठीतून सोडत राशीभोवती रिंगण काढायचं. काढताना थांबायचं नाही, बोलायचं नाही, रेघ तुटू द्यायची नाही. पूजा होऊन नारळ फुटेपर्यंत त्या रेघेच्या आत रिंगण काढणाऱ्याशिवाय कोणी पाय टाकायचा नाही. एका वर्षी बुढीचा भाऊ कौतुकानं चपलेसकट आत शिरला होता. त्याला मी असं बोललो की तो जेवायला थांबला नाही.

त्या सकाळी बुढी घरी नैवेद्याला थांबली होती. पोरगा नारळ घेऊन उभा होता, सून आरतीचं ताट घेऊन. पोट्टी नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. पण राख उडाली तर तिच्या डोळ्यात जाणार. म्हणून मी झोळी सोडली, गोधडी टाकली, तिला बसवलं आणि राखेचं टोपलं उचलून रिंगण सुरू केलं.

चार पावलं गेलो आणि ती रडू लागली.

थांबलो तर रेघ तुटते. बोललो तर रीत मोडते. सुनेकडे पाहिलं, तर ती ताटातल्या वातीकडे पाहत होती, जागची हलली नाही. मी चालत राहिलो. राशीच्या पलीकडच्या अंगाला गेलो तसा पोट्टीचा आवाज वाढला. मग एकदम बंद झाला. मला वाटलं, उचललं कोणीतरी.

फिरून समोर आलो, रेघेला रेघ जोडली आणि मान वर केली. गोधडी रिकामी होती. पोट्टी गोधडीच्या पुढे हातभर आली होती, दोन हात, दोन गुडघे, तोंडाला लाळ, नाकाला शेंबूड. माझ्याकडे पाहत ती एक हात पुढे टाकायची, थांबायची, डुलायची, मग गुडघा ओढायची. मी रिंगणाच्या आत होतो. माझ्या आणि तिच्या मध्ये राखेची ताजी रेघ.

सुनेनं ताट पोराच्या हातात कोंबलं आणि तिला अडवायला धावली. ती माझा स्वभाव जाणून होती.

"राहू दे," मी म्हणालो. "येऊ दे तिले."

सून तिथेच थबकली. पोट्टीनं रेघेवर हात ठेवला, राखेची चिमूट तोंडात घातली, चव आवडली नाही, आणि रेघ ओलांडून आत आली. माझ्या पायाला धरून थांबली, पण मी उचललं नाही. तेवढं मला जमलं. मग ती मला सोडून राशीकडे वळली.

रेघेत दोन गुडघे उमटले होते, वाटीएवढे. पोरगा म्हणाला, बाबा, रेघ जोडता काय पुन्हा? मी म्हटलं, फोड नारळ.

सून डोळे पुसत होती आणि हसतही होती. मी तिला म्हणालो, "तुह्या बापाले फोन लाव. सांग, पोट्टी रांगली. अन् म्या जे बोललो थे खोटं होतं, थेही सांग."

तिनं नंबर लावला, फोन कानाला लावून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "बाबा हायेत. थे तुमीच सांगा, मामाजी."

मी रामराम केला. पोट्टी रांगू लागली, पाय मजबूत आहेत, असं सांगितलं. व्याही आनंदले. मग मी घसा साफ करून म्हणालो, तुमच्या घरावर मी एक शब्द टाकला होता, तो मागं घेतो.

पलीकडून आवाज आला, "कोनता शब्द?"

मी सुनेकडे पाहिलं. ती वाकून पोट्टीच्या तोंडातून धानाचा दाणा काढत होती. तिनं माहेरी कोणाला सांगितलंच नव्हतं.

मग मला तो शब्द पहिल्यापासून सांगावा लागला.