ग्लेनिसचं मऊ पिस्तूल

ऑस्ट्रेलियातल्या लॉक्सटन गावच्या पिस्तूल क्लबात क्लॅरी शिर्मरला मोठा मान होता, आणि तो किती मोठा आहे हे क्लॅरीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचा धंदा मळ्यांतले पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा. पण शनिवारी तंबाखूच्या जुन्या डब्यांत स्प्रिंगा भरून तो क्लबात बसला, की लोक आपापली पिस्तुलं घेऊन त्याच्यापुढे यायचे. काडतुसं सगळेच घरी भरतात. दारू कमी घातली की धक्का कमी बसतो, हात हलत नाही, दुसरी गोळी लवकर सुटते. मात्र दारू फार कमी झाली तर पिस्तुलावरची सरकती स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पिस्तूल अडकतं, म्हणून स्प्रिंगही तेवढीच हलकी लागते. या दोघींना एका घरात नांदवणं म्हणजे सासू-सुनेचं काम. क्लॅरी स्लाइड ओढून कानाशी सोडायचा आणि म्हणायचा, "ताठ आहे ही. बदलू."

मग ग्लेनिस नोस्के जिंकायला लागली. शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेली विधवा बाई. पण तिच्या हातातलं पिस्तूल जागचं हलायचं नाही. ईस्टरच्या सामन्याच्या ढालीवर वर्षानुवर्षं क्लॅरीचं नाव कोरलं जायचं, तिथे आता तिचं येऊ लागलं. वर लोक त्याच्यासमोरच म्हणू लागले, "एकदा ग्लेनिसला विचारून बघ ना." क्लॅरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नक्कीच अमेरिकेहून काहीतरी मागवलं असणार बाईने. यंदा ढाल परत आणायचीच, मग काही होवो.

ईस्टरच्या आधी सराव होता. फेरी संपली की पिस्तूल रिकामं करून दाखवायचं असतं. तेव्हा आत राहिलेलं काडतूस उडून मातीत पडतं. ग्लेनिसचं पडलं. तिच्या मनगटाला पट्टी होती, म्हणून ते उचलायला ती वाकली नाही. काडतुसाच्या बुडाला निळी खूण होती, कारण रिकाम्या पुंगळ्या वेचताना कुणाची कुठली हे कळावं म्हणून जो तो आपापली रंगीत खूण करतो. क्लॅरीने घाम पुसायचं निमित्त करून हॅट काढली, नेमकी तिथे टाकली आणि काडतुसासकट उचलली.

घरी त्याने ते उघडून दारू तोलली. इतकी कमी? म्हणजे हे होतं गुपित! त्याने तेवढीच दारू घालून आपली काडतुसं भरली आणि सगळ्यात हलकी स्प्रिंग बसवली. पिस्तूल लोण्यासारखं चाललं. सामन्याआधी गोळीचा वेग मोजून तिचा जोर नियमाइतका आहे का ते तपासतात; तो वेग तेवढा त्याने मोजला नाही. वेग मोजायचं यंत्र मर्व्ह लिंडनरकडे, आणि मर्व्ह म्हणजे चौकशांचं आगर. शिवाय ग्लेनिस दरवर्षी याच भरणीवर पास होते, मग मोजायचं कशाला?

सामन्याच्या दिवशी मर्व्हने क्लॅरीची काडतुसं यंत्रावर झाडली, परत झाडली, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"क्लॅरी, काय भरलंयस यात? लॅमिंग्टन केकचा चुरा?"

"यंत्र बघ तुझं."

"यंत्राला काय धाड भरलीय? जोर नियमापेक्षा कमी आहे. खेळ तू खुशाल, पण गुण मिळायचे नाहीत."

मागे ग्लेनिस उभी होती. तिच्या काडतुसांना लाल खूण होती.

"निळी संपली वाटतं?" मर्व्हने विचारलं.

"निळी सरावाची रे. मनगट दुखतंय म्हणून चिमूटभर दारू घालते. ती इथे आणली तर लाज जाईल."

तिची पास झाली. क्लॅरीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दिवसभर तो सुंदर खेळला आणि त्यातलं काहीही मोजलं गेलं नाही. ढालीवर पुन्हा ग्लेनिस.

संध्याकाळी ती कुंपणाजवळच्या टेबलापाशी आली. क्लबच्या नियमाने पिस्तूल उघडायचं ते इथेच, आणि काडतूस इथे आणायचं नाही.

"क्लॅरी, बघतोस का जरा? स्लाइड आदळतेय. स्प्रिंग गेलीय बहुतेक."

त्याने पिस्तूल उघडलं. स्प्रिंगच्या टोकाला हिरव्या रंगाचा ठिपका होता. तो ठिपका क्लॅरीचा स्वतःचा; आपण घातलेल्या स्प्रिंगला तो हीच खूण करायचा.

"ही कधीची?"

"माझा ट्रेव्हर गेला त्या वर्षी तूच घातलीस. तेव्हापासून मी हात लावलेला नाही."

तर हिने काहीच केलं नव्हतं. त्याचीच स्प्रिंग वापरून वापरून मऊ पडली होती, आणि ढाल हिची. क्लॅरीला आधीपेक्षाही जास्त झोंबलं. त्याचा हात ताठ स्प्रिंगांच्या डब्यावर गेला. एक घातली की पुढच्या ईस्टरला पिस्तूल अडकणार, आणि कुणाला कळणारही नाही. हात बराच वेळ तिथेच राहिला. मग त्याने शिवी हासडून शेजारचा डबा उघडला, योग्य ती शोधली, बसवली, स्लाइड कानाशी सोडली आणि पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं.

"जुनी स्प्रिंग तुला राहू दे," ग्लेनिस पिस्तूल पेटीत ठेवत म्हणाली. "आणि पुन्हा काडतूस हवं असेल तर माग माझ्याकडे. चांगली हॅट कशाला मातीत घालतोस?"