लिफ्टवाल्यांचा पुठ्ठ्याचा पडदा

दर गुरुवारी संध्याकाळी लिफ्टवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक भुयार उघडतं. खेळ जुन्या धाटणीचा आहे. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण भुयारात काय दिसतंय ते सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. सांगणारे अर्थातच लिफ्टवाले. खेळणारे तिघे: एक चष्म्याचा दुकानदार, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आणि लिफ्टवाल्यांचा मेव्हणा. मेव्हणा फर्निचरच्या दुकानात सोफे विकतो.

पूर्वी टेबलाला खुर्च्या पुरत नसत. एकाची बदली झाली, बाकीचे कंटाळून गळाले. आता तिघांतला एक गेला तरी खेळ बंद, कारण दोघांनीच त्या भुयारात उतरणं म्हणजे मरायलाच जाणं. लिफ्टवाले दिवसभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये दुरुस्ती करत एकटे असतात. आठवड्याचं बोलणं ते गुरुवारी उरकून घेतात. त्यामुळे मेव्हण्याने नोटीस दिली तेव्हा ती त्यांना चांगलीच लागली.

"भाऊजी, मी दार उघडतो आणि तुम्ही पुस्तक उघडता," मेव्हणा म्हणाला होता. "पुढच्या गुरुवारी येतो, तो शेवटचा. मग मला मोकळं करा."

"अरे, नियम बघावे लागतात."

"बघा की. तोवर मी एक डुलकी काढतो."

लिफ्टच्या कंट्रोलच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो. दोन्ही हात अडकलेले असले तरी मान वर केली की दिसावा म्हणून. खेळताना पुस्तक उघडावं लागू नये म्हणून लिफ्टवाल्यांनी तसाच एक पडदा करायला घेतला. फ्रिजच्या खोक्याचे चार तुकडे कापले, चिकटपट्टीने जोडले, आणि आतला भाग फक्त आपल्याला दिसेल असे टेबलावर उभे केले. मग पुस्तकातले तक्ते कागदांवर उतरवून त्यावर चिकटवले. तलवारीचा वार, उंचावरून पडणे, मशाल किती वेळ जळते, विष, दोराची किंमत, गाढवाची किंमत. काही म्हणजे काही सोडलं नाही.

बायकोला समोर बसवून त्यांनी चाचणी घेतली.

"तीन चोर आले," ती म्हणाली.

"थांब." त्यांनी चष्मा काढला आणि नाक पुठ्ठ्याला टेकवलं.

"अहो, हा पडदा आहे की औषधाच्या खोक्यातला कागद?"

"यात सगळं आहे."

"तेच म्हणतेय मी."

काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी एका ऑफिसच्या इमारतीत ते लिफ्टची बटणं बदलत होते. सगळी बटणं एकाच दिवशी बसवलेली, पण कॅन्टीनच्या मजल्याचा आकडा पुसून गेलेला आणि गच्चीचा नवाकोरा. घरी आल्यावर त्यांनी नियमांचं पुस्तक मिटलेलंच टेबलावर उभं केलं आणि त्याची कड पाहिली. बोटांच्या मळाचे काळपट पट्टे स्पष्ट दिसत होते. पट्टा असेल तिथे त्यांनी पुस्तक उघडलं आणि त्या पानावरचा तक्ता पडद्यावर राहू दिला. पडद्यावरच्या बाकीच्या तक्त्यांवर कात्री चालवली. गाढव गेलं, दोर गेला.

दोन काळ्या पट्ट्यांच्या मधला भाग मात्र पांढरा शुभ्र होता. तिथली दोन पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली होती. त्यांनी ती सुरीने सोडवली. आत एक छोटा तक्ता होता. भुयारात कुणी भेटलं, की आधी दोन फासे टाकून बघायचं: तो हल्ला करतो, वाट बघतो, की बोलतो.

लिफ्टवाल्यांच्या भुयारात जो भेटेल तो थेट अंगावर येत असे. त्यांनी ते पान बायकोला दाखवलं.

"म्हणजे आजवर तिथे कुणी कुणाशी बोललंच नाही?"

"नाही."

"माझा भाऊ सोफे विकतो. त्याला बोलू दिलं नाहीत, तर तो बिचारा करणार काय?"

तो तक्ता पडद्याच्या मधोमध, डोळ्यांच्या रेषेत, मोठ्या अक्षरांत आला.

गुरुवारी मेव्हणा उशिरा आला आणि बूट न काढताच बसला. पहिल्याच दारामागे तीन चोर होते.

"तलवार काढतो," तो म्हणाला. "घ्या, उघडा पुस्तक."

लिफ्टवाल्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. पडद्याआड फासे पडले. त्यांनी मान वर करून तक्ता पाहिला. "थोरला चोर विचारतो, तुम्हाला कुणी पाठवलं?"



"हे बोलतात?" चष्मेवाला म्हणाला.

"अगंबाई! आणि आपण आजवर किती जणांना मारलं हो?" नर्सबाईंनी विचारलं.

"हळू बोला. ऐकतील ते," चष्मेवाला कुजबुजला.

मेव्हण्याने तलवार म्यान केली आणि खुर्ची पुढे ओढली. चोरांच्या गुहेला आत उतरायला नीट सोय नाही, हे त्याने त्यांना पटवून दिलं. मग आपल्याकडचा दोर विकला, बदल्यात पुढची वाट मागितली, वर एक मशालही काढून घेतली. त्या संध्याकाळी मंडळी एक खोलीसुद्धा पुढे गेली नाहीत. चष्मेवाल्याने दोनदा जांभई दिली.

उठताना मेव्हण्याने पडद्यामागे डोकावून पाहिलं आणि तो दारात थांबला. "भाऊजी, दोराचा भाव तुम्ही मनानेच सांगितलात. पडद्यावर दिसला नाही तो."

"कापून टाकला."

"मग चिकटवा परत. चोरांनी पुढच्या वेळी आणखी दोन मागितलेत."

लिफ्टवाल्यांनी पडदा टेबलावर आडवा केला. तसूभरही जागा उरलेली नव्हती. बराच वेळ बघून त्यांनी ‘उंचावरून पडणे’ जरा बारीक अक्षरांत लिहायचं ठरवलं.